चोरीला गेलेली खोली

“आमची एक खोली चोरीला गेली,” ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

भाऊजींनी पेन उघडलं. “काय काय होतं खोलीत?”

“काहीच नव्हतं. खोलीच गेली.”

भाऊजींनी वहीत ‘खोली’ असं लिहिलं, बराच वेळ त्या शब्दाकडे पाहिलं आणि मग वहिनींकडे पाहिलं. अडलं की ते वहिनींकडेच पाहत. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. आधी विमा कंपनीत होती. दुकानाला आग लागली म्हणणाऱ्यांची दुकानं हुंगून खरी आग कुठली आणि लावलेली कुठली ते सांगायची. नंतर ड्रायक्लीनरच्या वरची खोली भाड्याने घेऊन स्वतःचा तपासाचा धंदा काढला. धाकटा दीर रिकामाच होता, तो फर्निचरबरोबर आला. येणारेजाणारेही आता दोघांना वहिनी आणि भाऊजीच म्हणत.

“सावकाश सांगा,” वहिनी म्हणाली.

ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. शेजारी तिचा नवरा बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांनी मिळून बाजाराच्या रस्त्यावर, जुन्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं. बिल्डिंगीला लिफ्ट नव्हती.

“तेवढंच परवडत होतं,” नवरा म्हणाला आणि हसायला लागला. हसू थांबेना, तेव्हा तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“एजंटने गेल्या महिन्यात घर दाखवलं,” ती म्हणाली. “दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. पैसे भरले, रजिस्ट्रेशन झालं, काल किल्ली मिळाली. कुलूप उघडलं तर एकच खोली आणि स्वयंपाकघर.”

“दुसऱ्या खोलीचं दार कुठे होतं?”

“उजवीकडे,” ती म्हणाली.

“समोर,” तो म्हणाला.

“अहो, तुम्ही कशाला बोलताय? तुम्ही सगळा वेळ नळ बघत होतात!”

“जुनं घर घेताना आधी पाण्याचा जोर बघायचा असतो. सगळे सांगतात.”

“फोटो काढले होते का?” वहिनीने विचारलं.

“काढले की.” त्याने मोबाइल पुढे केला. बंद नळ. उघडा नळ. नळाखाली बादली. बादलीत पाणी.

“जोर चांगला आहे,” भाऊजी म्हणाले.

“कागदावर काय लिहिलंय?”

“‘तिसऱ्या मजल्यावरची डावीकडची संपूर्ण सदनिका’. खोल्या किती ते नाही. बिल्डिंगीचा नकाशा वाळवीने खाल्ला म्हणे. एजंट म्हणतो, ताई, रिकामं घर मोठं दिसतं, तुमच्या डोक्यावर ताण आलाय.” तिने ओठ आवळले. “मला रोज माणसांच्या दंडात शीर सापडते हो. मला घरात खोली दिसणार नाही?”

वहिनीने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला नाही.

“शनिवारी भाड्याचं घर सोडायचंय. ती खोली आईची होती. तिचं खुब्याचं हाड मोडलंय, पलंगावरून उठवत नाही. एका खोलीत तिचा पलंग, आम्ही दोघं, दोन मुलं. कुठे ठेवू? भाऊ म्हणतो वृद्धाश्रमात जागा धरून ठेवलीय, सोमवारी घेऊन जातो. आईने ते ऐकलं. तेव्हापासून जेवताना म्हणते, मला कमी वाढ गं. बारीक झाले की जागाही कमी लागेल.”

भाऊजींनी पेनाचं टोपण लावलं.

“चला,” वहिनी म्हणाली. “खोली म्हणजे काही पाकीट नव्हे. फार लांब गेली नसेल.”

*

बिल्डिंग रस्त्यावर पोट पुढे काढून उभी होती. खाली दुकानं, हातगाड्या, हॉर्न. प्रत्येक मजल्यावर रस्त्याकडे चार खिडक्या, आणि दर्शनी भिंतीच्या बरोबर मधून गच्चीपासून गटारापर्यंत आलेला पावसाच्या पाण्याचा जाड पाइप.

वहिनी समोरच्या फुटपाथवर थांबली. “भाऊजी, तिसऱ्या मजल्यावर काय दिसतं?”

“पोपट.”

“म्हणजे?”

“पडद्यांवर पोपट आहेत. डावीकडची टोकाची खिडकी उघडीबोडकी आहे, बाकी तिन्ही खिडक्यांना पोपट. कापड ताग्यानं घेतलेलं दिसतंय. स्वस्त पडतं.”

“हं,” वहिनी म्हणाली.

जिना चढताना लिफ्टवाला प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरून हात फिरवत होता. “इथे शाफ्ट बसला असता,” असं तो स्वतःशीच म्हणत होता.

घर खरंच एका खोलीचं होतं. उजव्या भिंतीला एक जुनं लाकडी कपाट, भल्यामोठ्या स्क्रूंनी भिंतीत आवळलेलं. वर दोन बोटं धूळ, आत मोकळे कप्पे.

“हे सरकवून बघितलं?” वहिनीने विचारलं.

“एजंट नको म्हणाला. म्हणे या भिंतीला कपाटाचाच आधार आहे, काढलं तर वरचा मजला खाली येईल.”

“जुन्या बिल्डिंगीत कोण कोणाच्या आधाराने उभं असतं, सांगता येत नाही,” भाऊजी गंभीरपणे म्हणाले आणि कपाटापासून दोन पावलं मागे सरले.

वहिनी उकिडवी बसली. फरशीवर फुलांची नक्षी होती, पण पायाखाली येऊन येऊन ठिकठिकाणी पुसली होती. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक पुसट पट्टा गेला होता आणि स्वयंपाकघरापासून कपाटापर्यंत दुसरा.

“बाई सारखी कपाटाकडे जात असणार,” भाऊजी म्हणाले. “खाऊ ठेवत असेल आत.”

स्वयंपाकघर धुराने काळवंडलेलं होतं. एका भिंतीवर मात्र माणसाच्या उंचीएवढा चौकोन पांढरा स्वच्छ राहिला होता. वहिनीने दोन्ही हात पसरून त्याची रुंदी घेतली आणि हात तसेच पसरलेले ठेवून ती बाहेरच्या खोलीत आली. लिफ्टवाल्याला वाटलं, बाईंना आळस आला.

भाऊजी भिंतीला टेकून कपाटाशेजारचं एक बटण खालीवर करत होते. खट. खट. “हे बटण कशाचं? काहीच लागत नाही.”

भिंतीपलीकडून एक तरुण आवाज आला, “अहो बाबा! पुन्हा गेला!”

“राहू द्या, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “हात लावू नका आता त्याला. चला, शेजाऱ्यांना भेटू.”

*

शेजारी क्लॅरिनेटवाले काका राहत. एकेकाळी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दार त्यांच्या सुनेने उघडलं. तिला सातवा महिना होता. आत काका स्टुलावर उभे राहून एक बल्ब कानाशी हलवत होते.

“आत्तापर्यंत चांगला जळत होता,” ते म्हणाले.

“मी बघू?” वहिनीने हात पुढे केला. काकांनी लगेच बल्ब दिला. त्यांच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती आणि तिच्या कडेने ताजे फोड दिसत होते. बल्बच्या पितळी टोपीवर लाल ठिपका होता. भाऊजींना वाटलं, चटका बसू नये म्हणून कोणी धोक्याची खूण केली असेल.

“रात्री बंद कसा करता?” खोलीत नजर फिरवत वहिनीने विचारलं. नवा पलंग, पोपटांचा पडदा, आणि एकाही भिंतीवर बटण नाही.

“बटणच नाही ना,” सून म्हणाली. “दिवसरात्र जळतो. बाबा रात्री येऊन पिळून सैल करतात. आम्ही झोपलेलो असलो तर दारात खोकतात.”

“किती वर्षं चाललंय हे?”

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं.

“पहिल्यापासून,” काका म्हणाले. “ही खोली आमचीच. पहिल्यापासून.” हे त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं. मग क्लॅरिनेटची पेटी उघडून त्यातून स्क्रूड्रायव्हर काढला. पेटीत कपड्यांचे चिमटे, औषधाच्या गोळ्या आणि एक लहानसं विणलेलं टोपडं होतं. क्लॅरिनेट नव्हती.

रक्त काढणारी दारातच थांबली होती. ती त्या खोलीच्या खिडकीकडे बघत होती. बाहेर पडताच तिने वहिनीचं मनगट घट्ट धरलं.

“हीच,” ती म्हणाली. “पडदे काढा, पलंग काढा. हीच.”

“मलाही तसंच वाटतंय,” वहिनी म्हणाली. “पण वाटण्यावर खोली परत मिळत नाही.”

*

घराचा आधीचा मालक दाताचा डॉक्टर होता. आत्या वारली आणि तिचं घर त्याच्याकडे आलं. तो एका माणसाच्या तोंडात दोन्ही हात घालून बोलला.

“आत्याचं आणि आमचं पटत नव्हतं. आ करा. मी त्या घराची पायरी चढलो नाही. वकिलाने किल्ली दिली, मी ती पाकिटासकट एजंटला दिली आणि सांगितलं, लवकर विकून टाक. मोठा आ. ते दुसऱ्या मजल्यावर आहे ना?”

“तिसऱ्या.”

“असेल.”

“खोल्या किती आहेत?”

“ते तुम्हाला माहीत असेल. तुम्ही बघून आलाय.”

“सगळं घर एकालाच विकलं?”

“म्हणजे? सही एकदाच केली मी. घर काय फोडी करून विकतात? थुंका.”

भाऊजी दचकून थुंकणार होते. वहिनीने त्यांना बाहेर काढलं.

*

एजंटचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल. तो नेलपॉलिशची बाटली उघडून बल्बच्या टोपीवर लाल ठिपका देत होता.

“बसा मॅडम, ओलं आहे, हात लावू नका. काय आहे, जुनं घर सोडताना लोक बल्ब काढून नेतात. नळ नेत नाहीत, दारं नेत नाहीत, बल्ब मात्र नेतात. आणि अंधारात घर विकत नाही. म्हणून मी माझे बल्ब घेऊन फिरतो. दाखवून झालं की काढून घ्यायचे. पण घाईत एखादा राहतोच, मग मालक म्हणतात आमचाच. म्हणून ही खूण.”

“हुशार आहात.”

“पोटासाठी हो, मॅडम.” त्याच्या शर्टाची कॉलर उलटी करून शिवलेली होती. “त्या ताईंचं वाईट वाटतं मला. पण तिथे दुसरी खोली नव्हतीच. मी दाखवलं ना घर, मला माहीत नाही? शेजाऱ्यांच्या घरात मात्र मी पाऊलही टाकलेलं नाही.”

“किल्ली कोणाकोणाकडे होती?”

“माझ्याकडे. एकच. उशाखाली घेऊन झोपायचो. विश्वासाचा धंदा आहे आपला.”

वहिनीने उठता उठता म्हटलं, “उद्या संध्याकाळी त्या घरी या. त्यांना कपाट विकायचंय. गिऱ्हाईक तुम्हीच आणून द्याल.”

एजंटचा ठिपका टोपीवरून घसरून काचेवर गेला.

*

दुसऱ्या दिवशी रिकाम्या खोलीत सगळे उभे होते, कारण बसायला काही नव्हतं. दाताचा डॉक्टर मास्क लावूनच आला होता. काकांबरोबर त्यांचा मुलगा आणि सून होती. एजंट दाराजवळ, आणि त्याच्यामागे दाराला पाठ लावून भाऊजी.

“या बिल्डिंगीच्या मधून पाइप गेलाय,” वहिनीने सुरुवात केली. “दर मजल्यावर त्याच्या डावीकडे दोन खिडक्या, उजवीकडे दोन. डावं बिऱ्हाड, उजवं बिऱ्हाड. पण तिसऱ्या मजल्यावर उजव्या बिऱ्हाडाचे पोपट पाइप ओलांडून डावीकडे आलेत. पोपट आपणहून येत नाहीत. तेव्हा खोली कुठे गेली, हे मला जिना चढायच्या आधीच कळलं. ती जागची हललीच नाही. मालक बदलला फक्त.”

“काहीतरीच काय, मॅडम—” एजंट म्हणाला.

“आत्याबाई वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून या कपाटाकडे चालत होत्या. इतक्या, की फरशीवरची फुलं पुसली. कपाटात कोणी चालत जात नाही. तिथे दार होतं. आणि कपाट तेव्हा इथे नव्हतंच. स्वयंपाकघरात धुराने सगळी भिंत काळी झाली, कपाटामागचा चौकोन पांढरा राहिला. मी माप घेतलं. बरोबर हेच कपाट.”

“मला वाटलं आळस देताय,” लिफ्टवाला म्हणाला. तो केव्हाच पाना घेऊन कपाटाशी बसला होता. पहिला स्क्रू निघाला.

“वरचा मजला येईल खाली!” एजंट ओरडला.

“येऊ द्या,” रक्त काढणारी म्हणाली. “निदान तेवढी तरी जागा मिळेल.”

वहिनी बटणाकडे गेली. “जुन्या घरात खोलीचं बटण कधीकधी दाराबाहेर असे. हे बटण त्या खोलीचं. भाऊजींनी ते दाबलं आणि पलीकडे काकांचा दिवा गेला. काका, तुमच्या खोलीला बटण नाही, कारण बटण या घरात राहिलं. तुम्ही म्हणालात, पहिल्यापासून बल्ब पिळून विझवतो. तुमची बोटं भाजलीत आणि फोड ताजे आहेत. वर्षानुवर्षं जो तापलेला बल्ब पिळतो, त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं की हातात फडकं घ्यावं.”

काकांनी हात मागे घेतले.

“मग काकांनीच खोली लाटली!” भाऊजी म्हणाले.

“मीही आधी तेच म्हटलं. पण हे कपाट या बाजूने आवळलंय. ते आवळायला या घरात यावं लागतं. किल्ली कोणाकडे? ताईंना परवा मिळाली. डॉक्टरांना तर मजलाही ठाऊक नाही. किल्ली एकाच्याच उशाखाली होती.” ती एजंटकडे वळली नाही, काकांकडेच वळली. “काका, तो बल्ब तुमचा?”

“नाही. खोलीत होताच. चांगला होता, म्हणून ठेवला.”

“लाल ठिपक्याचा. गिऱ्हाइकाला घर दाखवताना हे लावतात आणि निघताना काढून घेतात. त्या दिवशी ताईंना खोली दाखवली आणि बल्ब राहिला. जी खोली नव्हतीच म्हणतात, जिथे पाऊलही टाकलं नाही म्हणतात, तिथे यांचाच दिवा जळतोय. आणि काकांना यातलं ठाऊक असतं, तर त्यांनी तो मागताक्षणी माझ्या हातात दिला नसता. काका, किती सांगायचं ते तुम्ही सांगा.”

काका खाली बसले. “हा म्हणाला, मालकाला खोली वेगळी विकायचीय. गवंडी आणून आमच्या बाजूने भिंत पाडून दिली, इकडचं दार विटांनी बुजवून दिलं. म्हणाला, कोणी विचारलं तर पहिल्यापासून आमची म्हणा, नाहीतर बिल्डिंगवाले हरकत घेतील.” त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. “आमच्या दोन खोल्यांत भावांची बिऱ्हाडंही आहेत, ही दोघं लग्नापासून ओट्याखाली झोपत होती. ही माहेरी निघून गेली होती. मी म्हटलं, खोली घेतो, ये. क्लॅरिनेट विकली.”

कपाट बाजूला झालं. मागे दाराच्या आकाराच्या कोऱ्या लाल विटा होत्या. वरचा मजला वरच राहिला.

“एक खोली दोघांना विकलीत,” वहिनी म्हणाली. “दोघंही तक्रार करणार नाहीत असे निवडलेत. एकाला खोटं बोलायला शिकवलं आणि दुसरीला ताण आलाय म्हणून सांगितलं. नडलेली माणसं पावलं मोजत नाहीत, हे तुम्हाला पक्कं माहीत.”

एजंटने डोळे मिटले.

“काकांचे पैसे परत करा,” भाऊजी म्हणाले.

“नाहीयेत.”

“कुठे गेले?”

“मीही घर घेतलंय,” एजंट म्हणाला. “नव्या टॉवरमध्ये. सातवा मजला. शेवटचा हप्ता राहिला होता, नाहीतर बुकिंग रद्द करत होते. भरला.”

“मग ते विका.”

“बिल्डर पळालाय. तिथे खड्डा आहे. पाणी साचलंय त्यात.” त्याने हाताने हवेत एक उंची दाखवली. “माझं इथे कुठेतरी येतं.”

लिफ्टवाला त्या उंचीकडे बघत राहिला.

“मी एकच घर विकलं,” मास्कमधून डॉक्टर म्हणाला. “पूर्ण. यांना. बाकी कशावर माझी सही नाही.”

“म्हणजे खोली आमची,” रक्त काढणारी म्हणाली.

“तुमची,” वहिनी म्हणाली.

रक्त काढणारीला आनंद व्हायला हवा होता. तिने काकांच्या सुनेकडे पाहिलं. सून पोटावर हात ठेवून विटांकडे बघत होती.

“आम्ही कुठे जायचं?” सुनेने विचारलं. भांडणाचा सूर नव्हता, पत्ता विचारावा तसा होता.

“मला माहीत नाही,” रक्त काढणारी म्हणाली. “माझ्याकडे शनिवारपर्यंतच वेळ आहे. मला खरंच माहीत नाही.”

पोलीस एजंटला न्यायला आले तेव्हा त्याने जाताजाता सवयीने विचारलं, “साहेब, स्वतःचं घर आहे का?”

*

शनिवारी सकाळी काकांचा मुलगा आणि लिफ्टवाला यांनी मिळून विटा फोडल्या. दोघं एकमेकांना फक्त “सांभाळून” म्हणत राहिले. इकडचं दार बुजवायच्या आधी आत आणलेला नवा पलंग काकांच्या बाजूने पाडलेल्या भोकातून जाईना. म्हणून तो इकडून काढून, जिन्याने उतरवून दुकानात परत द्यायचा होता. दुकानदार निम्मी किंमत देणार होता.

लिफ्टवाला मग सासूला आणायला गेला, आणि नवा पलंग जिन्याशी आणला त्याच वेळी आई आली. भाडेकरूने बारापर्यंत खोल्या रिकाम्या करायलाच हव्यात असं जुन्या घरमालकाने बजावलं होतं. स्ट्रेचर मिळालं नाही, म्हणून तिला पलंगासकटच उचलून आणलं. चौघं जण, एका पायाशी भाऊजी. लिफ्टवाला पुढे होता आणि दर पायरीला या बिल्डिंगीला लिफ्ट नसल्याबद्दल स्वतःला शिव्या देत होता.

तिसऱ्या मजल्याच्या तोंडाशी दोन्ही पलंग समोरासमोर आले.

जिना एका पलंगापुरता होता. वरच्यांना मागे जाता येईना, कारण मागे खोलीत विटांचा ढीग होता. खालच्यांना मागे जायचं नव्हतं.

“आधी कोण?” भाऊजींनी खालून विचारलं. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

आधी तुम्ही, असं कोणीच म्हणालं नाही. रक्त काढणारी आईच्या उशाशी, पलंगाचा गज धरून उभी होती. वर काका उभे होते. खालून बाजाराचा कल्ला येत होता. कोणी कांदे स्वस्त झाल्याचं ओरडून सांगत होतं.

वरच्या पलंगाच्या कडेने सून कशीबशी पुढे आली होती. हातात कपड्यांचं बोचकं, चेहरा पांढराफटक. तिने कठडा धरला आणि टेकायला जागा शोधू लागली.

आईने मान वळवून पाहिलं.

“उभी का राहिलीस अशी?” ती म्हणाली आणि आपले पाय एका बाजूला ओढून घेतले. तेवढ्यानेही तिला कळ आली. “बस इथे. माझं वजन काही नाही आता.”

“आई, अगं नको!” लेक ओरडली. “त्यांनी उचलून धरलंय!”

पण सून बसली होती.

पलंग कचकन एक पायरी खाली गेला. भाऊजी “अरे” म्हणाले. काकांच्या मुलाने आपला पलंग तसाच सोडला, वरून उडी मारली आणि खालच्या पलंगाचा गज दोन्ही हातांनी धरला.